खर्जाची वाटणी

रॉक बँडचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकून झालं की स्टुडिओत एक वाक्य हमखास येतं, "बेस जरा वाढव ना." गिटारवाला म्हणतो, गायक म्हणतो, गायकाला घ्यायला आलेला त्याचा मित्रही म्हणतो. म्हणत नाही तो फक्त बेस वाजवणारा. तो भिंतीला टेकून मोबाइल बघत असतो. आपल्या वाद्याचं पुढे काय होणार हे आपल्या हातात नाही, हे त्याला बाकीच्यांच्या आधी कळलेलं असतं.

मागणी खोटी नसते. गाण्यात काहीतरी कमी आहे, हे सगळ्यांना बरोबरच जाणवलेलं असतं. पण जे कमी आहे ते बेसचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर सरकवून क्वचितच मिळतं. फेडर वर गेला की गाणं जड होतं, भरीव होत नाही. ड्रमरचा पाय ऐकू येईनासा होतो, गिटारी मागे जातात, गायकाचा आवाज किरटा वाटायला लागतो. मग कुणीतरी म्हणतं, "आता गिटार वाढव." तासाभराने सगळे फेडर वरच्या टोकाला आणि गाणं होतं तिथेच. आवाज किती ठेवायचा, हा खर्जाचा खरा प्रश्नच नव्हे. कोणी किती सोडायचं, हा आहे. रेकॉर्डिंग मिक्स करण्याच्या, म्हणजे वाद्यांचे आवाज एकत्र बसवण्याच्या, धंद्यात मला जे काही उमगलं ते एवढंच, बाकी सगळा त्याचा तपशील.

तपशील मात्र ऐकण्यासारखा आहे. माणसाच्या कानाची धाव साधारण २० ते २०,००० हर्ट्झ. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झ, पुढची ५५, मग ७३, मग ९८. ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ढोल, म्हणजे किक, बहुधा ५० ते ८०च्या दरम्यान घुमतो. गिटारची जाड तार ८२ला. डिस्टॉर्शन लावून ती तळहाताने दाबत वाजवली की कॅबिनेटमधून तिच्याबरोबर एक धम्मकन धक्का निघतो, तोही ह्याच आळीतला. फ्लोअर टॉम शेजारीच राहतो. शिवाय न बोलावता आलेले वेगळेच: माइकच्या स्टँडला लागलेला गायकाचा पाय, एसीची घरघर, रस्त्यावरून गेलेल्या बसची थरथर. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो. रोज लाखो माणसं अशी बसतात. पण तिघं थोडे थोडे सरकले तरच ते जमतं, आणि चौथ्यानेही अर्धं अंग बाहेर ठेवायची तयारी दाखवावी लागते. रॉकच्या खर्जात चौथाच काय, सातवा-आठवाही येऊन उभा असतो आणि प्रत्येकाला खिडकी हवी असते.

वरच्या सुरांत एवढी दाटी होत नाही, ह्याचं कारण कानाच्या रचनेत आहे. कान आवाजाची पट्टी छोट्या-छोट्या कप्प्यांत विभागून ऐकतो. ध्वनिशास्त्रात त्यांना क्रिटिकल बँड म्हणतात. ५०० हर्ट्झच्या खाली ह्यातला एकेक कप्पा साधारण १०० हर्ट्झ रुंद असतो. म्हणजे किकचा घुमारा आणि बेसच्या खालच्या तारा जवळजवळ एकाच कप्प्यात येऊन पडतात. एकाच कप्प्यातले दोन आवाज एकमेकांना झाकतात, आणि जो जोरात असतो तो उरतो. म्हणून खर्जात दोघांना ऐकू यायचं असेल तर दोघांनी एकाच वेळी एकाच जागी असून चालत नाही.

दुसरी अडचण हिशेबाची. डिजिटल रेकॉर्डिंगला वरची हद्द असते, तिच्यापुढे आवाज जात नाही, फाटतो. खर्जाचे सूर ह्या हद्दीतला सर्वांत मोठा वाटा खातात. किक आणि बेस सारख्याच जोराने, एकाच क्षणी, एकाच दिशेने आले तर बेरीज ६ डेसिबलने वर जाते. तेवढ्या एका ठोक्यासाठी एकतर सगळं गाणं खाली आणावं लागतं, नाहीतर शेवटी बसवलेला लिमिटर त्या ठोक्याला दाबतो आणि त्याच्याबरोबर गायकालाही दाबतो. बेस वाढवल्यावर गायक किरटा का होतो, त्याचं एक उत्तर हे.

हे भांडण बेस गिटारइतकंच जुनं. १९५१मध्ये लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी खर्ज सांभाळायचा तो पुरुषभर उंचीचा डबल बेस. ड्रम जोरात वाजायला लागले की तो बिचारा दिसायचा, ऐकू यायचा नाही. फेंडरच्या वाद्याला गळ्यावर पडदे होते, वीज होती, अँप होता. स्टेजवरचा प्रश्न सुटला, तरी रेकॉर्डवरचा राहिला. तबकडीवर जितका खालचा सूर कोरावा तितकी खोबण रुंद वळणं घेते, आणि वळण हाताबाहेर गेलं तर सुई उडते. म्हणून तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम कमी करायचा आणि वाजवताना यंत्राने तो परत वाढवायचा, अशी पद्धत पडली. १९५४च्या सुमारास आरआयएए ह्या अमेरिकी संस्थेच्या नावाने तिचं प्रमाण ठरलं. २० हर्ट्झला ही कपात जवळजवळ २० डेसिबलची आहे.

लंडनच्या ईएमआय स्टुडिओत तर सुई उडेल ह्या धास्तीने बेस आखडूनच ठेवला जाई. अमेरिकेतल्या मोटाउनच्या रेकॉर्डवर जेम्स जेमरसनचा बेस दणदणीत ऐकू येत होता आणि बेस वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनीला तसाच हवा होता. एप्रिल १९६६मध्ये त्याच्या बँडच्या 'पेपरबॅक रायटर' ह्या गाण्याच्या वेळी जेफ एमरिक ह्या जेमतेम विशीतल्या इंजिनिअरच्या हाती काम होतं. बेसच्या अँपसमोर माइकऐवजी एक मोठा लाउडस्पीकर उलटा जोडून उभा केला गेला. ज्या यंत्रातून आवाज बाहेर पडायचा, त्यातूनच तो आत घेतला. स्पीकरचा मोठा पडदा खालच्या सुरांनी सहज हलतो, आणि त्याने टिपलेला बेस आजही त्या गाण्यात उठून दिसतो. आजच्या स्टुडिओत किकसमोर स्पीकरचा माइक करून ठेवलेला दिसतो, त्याच्या मागे हीच कल्पना आहे.

पण तंत्राने वाट मोकळी झाली तरी माणसांचं काय करायचं? त्याचा सगळ्यांत बोलका दाखला म्हणजे मेटॅलिका ह्या बँडचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम.

सप्टेंबर १९८६मध्ये स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि बेसवादक क्लिफ बर्टन गेला. पुढच्याच महिन्यात जेसन न्यूस्टेड त्याच्या जागी आला. १९८८मध्ये आलेला 'जस्टिस' हा न्यूस्टेडचा बँडबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यात त्याचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत झालं, मिक्स न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिलला. मिक्स स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो ह्यांनी केलं. थॉम्पसनने पुढे मुलाखतींत सांगितलं की बेस खाली आणायला ड्रमर लार्स उलरिकने लावलं. निर्माता फ्लेमिंग रासमुसेन सांगत आला की न्यूस्टेडचं मूळ वादन चांगलंच होतं. नव्या माणसाला दिलेला जाच इथपासून गेलेल्या मित्राचा शोक इथपर्यंत चाहत्यांनी नाना कारणं लावली. २०१८मध्ये अल्बम नव्याने मास्टर होऊन आला तेव्हाही बँडने मिक्सला हात लावला नाही. बेस वाढवलेल्या आवृत्त्या चाहत्यांनी घरी बसून केल्या आणि एकमेकांत वाटल्या.

मी तो अल्बम हेडफोन लावून, कामाच्या कानाने ऐकतो तेव्हा मला शोक किंवा सूड ऐकू येत नाही. मला दाटी ऐकू येते. न्यूस्टेड बहुतेक जागी बँडचा गिटारवादक जेम्स हेटफिल्डच्या गिटारचाच तुकडा सुरासूर वाजवतो. गिटारच्या मधल्या सुरांना खोल खड्डा पाडलेला आहे आणि खालचे सूर भरपूर फुगवलेले आहेत, म्हणजे बेसची हक्काची जागा गिटारनेच घेतली आहे. किकचा आवाज टकटक वाजणारा, वरच्या अंगाचा. न्यूस्टेडनेही पुढे हेच सांगितलं, की त्याचा बेस आणि हेटफिल्डची गिटार एकाच पट्टीत येऊन पडली होती. फेडर खाली आणला हे खरंच, पण वर ठेवला असता तरी गिटार आणि बेस मिळून एक घोंगावणारा गोळा झाला असता. खाली आणणाऱ्याने दोघांतला एक निवडला, आणि निवड नव्या माणसाच्या विरुद्ध गेली. त्यात एक गोष्ट आणखी होती. मिक्स चालू असताना बँड दौऱ्यावर होता आणि अधूनमधून येऊन ऐकत होता. रात्रंदिवस कार्यक्रम करून कान भाजून निघाले होते, असं हेटफिल्डने नंतर सांगितलं आहे. थकलेल्या कानाला वरचे सूर कमी ऐकू येतात, मग तो वरचेच सूर मागत सुटतो.

तीन वर्षांनी, त्याच वन ऑन वन स्टुडिओत, निर्माता बॉब रॉकच्या हाताखाली त्याच चौघांनी काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम केला. त्यातलं 'सॅड बट ट्रू' घ्या. वाद्यं पूर्ण एका सुराने खाली उतरवलेली, म्हणजे गिटारची जाड तार ७३ हर्ट्झला आणि बेसची ३७च्या आसपास. दाटी वाढायला हवी होती. उलट बेस स्पष्ट आहे, किक स्पष्ट आहे, गिटार डोंगराएवढी आहे. गाणं संथ आहे, त्यामुळे दोन ठोक्यांमध्ये जागा आहे. बेस ड्रमच्या पायाला धरून चालतो आणि गिटार आपला खालचा भाग त्याच्या खांद्यावर टाकते. माणसं तीच, वाद्यं जवळपास तीच. वाटणी बदलली.

माझ्या स्टुडिओच्या खोलीत हेच लहान प्रमाणावर रोज घडतं. पुण्यातल्या कॉलेजची चार मुलं आली होती. दोन गिटारी, एक डावीकडे एक उजवीकडे, दोन्ही भरगच्च. मी दोन्हींना १०० हर्ट्झच्या खाली लो-कट लावला, म्हणजे त्याखालचे सूर छाटले. गिटारवाल्याने हात लांब करून आपला ट्रॅक सोलो केला, एकटीच गिटार ऐकली आणि त्याचा चेहरा पडला.

"दादा, ही माझी गिटार नाहीये. सगळा दम काढून टाकलात."

"एकटी ऐकू नकोस. सोलो बंद कर."

"पण दादा, हे पातळ आहे."

"अरे, बंद तर कर."

त्याने बटण दाबलं, बेस आणि ड्रम परत आले. पहिला अंतरा संपेपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आता जड वाटतेय. काय वाढवलंत?"

काहीच वाढवलं नव्हतं. त्याला गिटारचं वाटणारं वजन बेसचं होतं. गिटारने खालची जागा सोडली म्हणून बेस मोकळा झाला, आणि दोन्ही वाद्यं एकाच तालात असल्यामुळे कानाने बेसचं वजन गिटारच्या नावावर मांडलं. रॉकमधल्या अवाढव्य गिटारी निम्म्या तरी बेसच्या असतात. एसी/डीसीचा १९८०चा 'बॅक इन ब्लॅक' ऐका. वाटतं तेवढं डिस्टॉर्शन त्या गिटारींवर नाही, आणि खाली क्लिफ विल्यम्स साधे मूळ सूर न चुकता वाजवत असतो. इकडे त्या चौघांतल्या बेसवाल्या मुलाने मोबाइल खिशात टाकला आणि खुर्ची पुढे ओढली.

मग किक आणि बेस. इथे पहिला प्रश्न असा, की खाली कोण आणि वर कोण? गाणं वेगाचं असेल, ड्रमर दोन्ही पायांनी किक वाजवत असेल, तर किकला आखूड आणि टोकदार ठेवतो आणि तळ बेसला देतो. लांब घुमणारी किक वेगात वाजली की तिचे ठोके एकमेकांत मिसळून नुसती गडगड उरते. गाणं संथ असेल तर उलट, ६० हर्ट्झच्या आसपासचा तळ किकला आणि बेसला थोडं वर, ९०-१००च्या जवळ बसवतो. ज्याला तळ दिला त्याच्यासाठी दुसऱ्याच्या त्याच जागी ईक्यूने, म्हणजे ठरावीक सूर कमीजास्त करणाऱ्या फिल्टरने, दोन-तीन डेसिबल काढतो. एवढंच. पण बेसला एक खोड आहे. किकचा सूर एका जागी ठरलेला, बेसचा सुरागणिक हलतो. म्हणून ईक्यूने सगळं भागत नाही. बेसवर आवाज दाबणारा कॉम्प्रेसर बसवून त्याची दोरी किकच्या हाती द्यावी लागते. किक पडली की बेस डोळ्याचं पातं लवेपर्यंत दोन-तीन डेसिबल खाली वाकतो आणि लगेच सरळ होतो. ऐकणाऱ्याला वाकणं कळत नाही, फक्त ठोका कळतो.

ठोका म्हणजे तरी काय? ५० हर्ट्झची एक लाट पुरी व्हायला २० मिलिसेकंद लागतात. एवढ्या संथ लाटेवरून ठोका नेमका कुठे पडला हे कानाला सांगता येत नाही. ते सांगते ती किकच्या चामड्यावर बीटर आदळल्याची टिचकी, तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपासची. गणपतीत ढोल-ताशा पथकासमोर उभं राहिलेल्याला हे शिकवावं लागत नाही. ढोल कितीही असोत, छाती हलते ती ढोलाने आणि हात कुठे पडला ते कळतं ताशाने. बँडमधली मुलं "किक कमी येतेय" म्हणतात तेव्हा मी बहुतेक वेळा तळाला हात न लावता टिचकी थोडी वर काढतो.

बेसचंही तसंच. तो थेट केबलने एकदा रेकॉर्ड करतात आणि अँपसमोर माइक ठेवून पुन्हा एकदा. अँपचा आवाज माइकपर्यंत हवेतून येतो, म्हणून किंचित उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक एकत्र लावले की काही सूर एकमेकांना खोडतात आणि बेस आतून पोकळ होतो. अशा वेळी दहा प्लगइन लावण्यापेक्षा माइकचा ट्रॅक केबलच्या ट्रॅकशी जुळेल इतका पुढे सरकवावा, लाट उलटी करणारं फेजचं बटण एकदा दाबून पाहावं. पुष्कळदा हरवलेला बेस तिथेच सापडतो. मग मी बेसचे दोन भाग करतो. १५० हर्ट्झच्या खालचा स्वच्छ, कॉम्प्रेसरने एका पातळीत धरलेला. वरचा ओव्हरड्राइव्हमधून काढून खरखरीत केलेला. मोटरहेडचा लेमी मार्शलच्या अँपमधून वाजवायचा तो असाच गुरगुरणारा बेस. तो नुसता शौक नसतो, त्यामागे एक हिशेब आहे. मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेरच पडत नाही. पण त्याच सुराचे वरचे पट, ८२, १२३, १६५, मेंदूला मिळाले की तो मूळ सूर स्वतः भरून घेतो. वरचे पट ओव्हरड्राइव्ह पुरवतो. लोकलमध्ये मोबाइलवर गाणं ऐकणाऱ्या मुलीला जो बेस ऐकू येतो, तो बराचसा तिनेच तयार केलेला असतो.

इतकं करूनही एक शत्रू उरतो, आपली खोली. फ्लॅटमधली बेडरूम, दहा फूट बाय बारा फूट, तिचा स्टुडिओ केलेला. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची अर्धी लाट बरोबर बसते. बेसची दुसरी तार ५५ची. म्हणजे माझ्या खोलीत त्या तारेचा मोकळा सूर भिंतीपाशी दणाणतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. पटत नसेल तर ५६ हर्ट्झचा एकच स्वर लावा आणि भिंतीपासून चालत खोलीच्या मध्यापर्यंत या. स्पीकर तोच, स्वर तोच, आणि दोन-तीन पावलांत तो तुमच्या कानाखालून निसटतो. मध्यावर बसून मिक्स करणारा तो सूर कमी समजून वाढवत राहतो आणि गाणं बाहेर गाडीत वाजलं की काच थरथरते. भिंतीला दोन इंची फोम लावून ह्यावर इलाज होत नाही. ५६ हर्ट्झची लाट सहा मीटर लांब, तिला दोन इंचांची काय भीती? अंड्यांचे ट्रे तर नुसती शोभा. कोपऱ्यांत जाडजूड रॉकवूल भरावं, बसायची जागा मध्यापासून हलवावी आणि उरलेलं हेडफोनवर पडताळावं, एवढंच हातात असतं. खोली घेते तशी देतेही, हे मात्र खरं. लेड झेपेलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधले ड्रम इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याखाली ठेवून, वर टांगलेल्या दोन माइकवर घेतले. इंजिनिअर अँडी जॉन्सने तो घुमारा त्या जिन्यातूनच काढला. पण असा जिना सगळ्यांच्या नशिबी नसतो.

माझ्या खोलीच्या खऱ्या परीक्षक म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकू. वरचे सूर भिंत आणि स्लॅब अडवतात, खर्ज मात्र आरपार जातो. त्यामुळे काकूंना गिटार नाही, गायक नाही, शब्द नाहीत, फक्त किक आणि बेस ऐकू येतो. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "काल तुमचं ते धमधम एकसारखं चाललं होतं, त्याचा त्रास नाही झाला. परवाचं मात्र मधेच मोठं, मधेच गायब. दचकायला होतं हो." इतका नेमका अभिप्राय पैसे मोजून मिळत नाही. परवाच्या गाण्यात बेस सुरागणिक उसळत होता. त्या संध्याकाळी कॉम्प्रेसर थोडा घट्ट केला, आणि काम नऊच्या आत आटोपलं.

शेवटचा लबाड म्हणजे आपलाच कान. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन ह्या बेल लॅब्जमधल्या दोघांनी १९३३मध्ये दाखवून दिलं की आवाज कमी असताना कान खर्जाच्या बाबतीत जवळजवळ बहिरा असतो. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जितका मोठा वाटतो, तितकाच ५० हर्ट्झचा वाटायला ७० डेसिबलच्याही पुढे जावं लागतं. आवाज वाढवला की ही दरी कमी होते. म्हणून कुठलंही मिक्स जोरात लावलं की भरदार वाटतं. बँडला खूश करायचं असेल तर फक्त मॉनिटरचा आवाज वाढवावा, बेसला हात लावायची गरज नाही. आणि स्वतःला फसवायचं असेल तरी हेच करावं. मी मिक्सचा शेवटचा निर्णय नेहमी आवाज इतका खाली आणून करतो, की शेजारी बसलेल्या माणसाशी साध्या आवाजात बोलता यावं. एवढ्या हळू आवाजातही बेसची वाट सापडली, किकचा ठोका लागला, तर वाटणी बरोबर झाली.

मैफलीला जाणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची, ती लागली तर मैफल लागते. पण अलीकडे मोठ्या सभागृहांत डग्ग्याचा घुमारा स्पीकरमधून इतका फुगवतात की ती तार कुठे गेली ते गाणाऱ्यालाही कळत नसावं. दोष तबलजीचा नसतो, तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येचा तर मुळीच नसतो. तिथेही कुणीतरी सोडायला हवं असतं, आणि कुणी सोडायचं हे ठरवायची जबाबदारी साउंडवाल्याची असते. तो ठरवत नाही, कारण डग्गा घुमला की सभागृहात वाहवा होते. रॉकच्या स्टुडिओत गिटार फुगली की होते, तशीच.

म्हणून बँडमधल्या मुलांना माझं एवढंच सांगणं असतं. स्टुडिओत येण्याआधीच ठरवा, ह्या गाण्यात तळ कोणाचा. ड्रमरने किक कुठल्या सुराला लावायची, बेसवाल्याने गिटारच्या मागे जायचं की पायाच्या, गिटारवाल्याने अँपवरचं बेसचं बटण किती उतरवायचं, हे तालमीत सुटलं तर मिक्समध्ये करायला फार थोडं उरतं. तालमीत न सुटलेलं भांडण माझ्या फेडरने मिटत नाही. मी फार तर कुणाला तरी गप्प करू शकतो.

आणि तुम्ही बँडमध्ये नसाल, नुसते ऐकणारे असाल, तर एक करून पाहा. आवडतं कुठलंही रॉक गाणं घ्या. आवाज बोलण्याइतका हळू ठेवा, गायकाकडे आणि गिटारकडे दुर्लक्ष करा, आणि पहिल्या ठोक्यापासून फक्त बेसच्या मागे चाला. मिक्स चांगलं असेल तर तो शेवटपर्यंत हाती लागेल. मधेच हरवला, तर बेसवाल्याला नावं ठेवू नका. त्याने बहुतेक करून नीटच वाजवलेलं असतं.